पायाशी लिहायचा आकडा

माझ्या बायकोची माझ्याबद्दल एक जुनी तक्रार आहे. तिने काही विचारलं की मी नुसतं ‘हो’ किंवा ‘नाही’ म्हणत नाही. ‘दूध आणलं नाही का?’ असं तिने विचारलं, तर मी ‘दूध आणलेलं आहे’ असं सबंध वाक्य बोलतो. नवं लग्न झालं तेव्हा तिला वाटायचं, नवरा फार शिष्ट आहे. पुढे वाटायला लागलं, जरा चक्रम आहे. ह्यामागचं कारण मी तिला कधी सांगितलं नाही, मुलांनाही नाही. ते रोह्याचं आहे, आणि रोह्यातल्या त्या उन्हाळ्याचा विषय आमच्या घरात कुणी काढत नाही. आता ताईने पन्नाशी ओलांडली, माझेही केस पिकले. इतकी वर्षं जे तोंडातून निघालं नाही ते कागदावर तरी निघतं का, ते बघतो.

बारावीची परीक्षा देऊन मी पेणला घरी होतो. वडिलांच्या सायकलच्या दुकानात पंक्चर काढायची आणि येणाऱ्याजाणाऱ्याला केमिस्ट्रीचा पेपर किती सोपा गेला ते ऐकवायचं, असा माझा दिवस जायचा. एका रविवारी नामदेव भावोजी, माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, दुकानात आले. फळीवर बसून बराच वेळ सायकलचं पायडल उलटं फिरवत राहिले. मग म्हणाले की रोह्याच्या केमिकल कंपनीत कायम करणार आहेत, पण परीक्षा आहे. लेखी. भावोजी धरमतर खाडीकडचे. त्यांच्या घरात सगळेच मिठागरावर राबलेले. तिथून सुटून कंपनीत लागलेला हा पहिला माणूस. सातवी शिकलेला, हेल्परचा ऑपरेटर झालेला, पण टेम्परवारी. कंपनीला कसलंसं सर्टिफिकेट हवं होतं, त्यामुळे ज्याच्या हातून माल टाकीत जातो त्याला त्या मालाचं रेणुसूत्र लिहिता आलं पाहिजे, असा नवा नियम निघाला होता. जो नापास होईल त्याने गेटच्या बाहेर जायचं. वडिलांनी माझ्या हातातला पाना काढून घेतला आणि म्हणाले, “जा. ताईकडे ऱ्हा. शिकव त्यांना.” मला फार मोठं झाल्यासारखं वाटलं.

ताईची खोली रोह्याला कुंडलिका नदीच्या पलीकडे, अष्टमी गावाच्या अंगाला होती. चाळीतली शेवटची खोली, मागे चिंच, आणि चिंचेपलीकडे नदीचा उतार. तिथे दिवस भोंग्यावर चालायचा. पहिला भोंगा झाला की सायकली निघायच्या, तिसऱ्या प्रहरीच्या भोंग्याला परतायच्या. ताई भोंग्यावर भात टाकायची, भोंग्यावरच उतरवायची. वारा कंपनीकडून आला की खोलीत एक वास यायचा, आंबूस, थोडा कडू बदामासारखा. पहिल्या दिवशी मी नाक दाबलं तेव्हा ताई म्हणाली, “चार दिवसांनी येयाचा नाय.” खरंच, चार दिवसांनी तो मला येईनासा झाला. वास गेला नव्हता, माझं नाक त्याला सरावलं होतं. आज हे लिहिताना मला त्या उन्हाळ्यातली सगळ्यात वाईट गोष्ट तीच वाटते. दोरीवर वाळत घातलेल्या भावोजींच्या बनियनला काखेत पिवळे डाग असायचे. ताई ते सोड्याने, लिंबाने, चिंचेने घासायची, आणि डाग फक्त जागा बदलायचे. जेवायला मात्र चंगळ होती. कैरी घातलेला सुका जवळा, तांदळाची भाकरी, वालाचं बिरडं. भावोजी जेवायला बसले की आधी भाकरीचा पापुद्रा सोलून त्यात बोटाने भोक पाडायचे आणि त्यातून ताईकडे बघायचे. ती लाजून म्हणायची, “पोराच्या देखत काय वो.”

जेवण झालं की शिकवणी. मी जमिनीवर खडूने लिहायचो. सोडिअमची संयुजा एक, ऑक्सिजनची दोन. ह्याचा आकडा त्याच्या पायाशी, त्याचा ह्याच्या. भावोजी डोळे मिटून ऐकत राहिले आणि एकदम म्हणाले, “म्हंजे लग्नातला हार. नवऱ्याचा हार नवरीच्या गल्यात, नवरीचा नवऱ्याच्या.” मी थक्क झालो. आमच्या सरांना हे सुचलं नव्हतं. ताई भांडी घासता घासता म्हणाली, “तुमी माझ्या गल्यात घालताना पार आंबाड्यात अडकवलात.” त्यानंतर भावोजींना अडवणं कठीण झालं. कॅल्शिअमचा दोनाचा हार क्लोरीनला, क्लोरीनचा एकाचा कॅल्शिअमला, आणि एक असेल तर लिहायचा नाही, कारण एकाचा काय तोरा. ॲल्युमिनिअम आणि सल्फेट आले तेव्हा त्यांनी सल्फेटला कंस घातला आणि म्हणाले, “ही एकत्र कुटुंबवाली मानसं, हार अख्ख्या घराला.” हार गळ्यात तर आकडा पायाशी का, असं एकदा त्यांनी विचारलं. आणि तेच म्हणाले, “नमस्काराचा असंल.”

अडलं ते नायट्रेट आणि नायट्राइटपाशी. दोन्ही मूलकांची संयुजा एक, सोडिअमचीही एक. हार घालून झाले की बाहेर आकडा उरत नाही. पण एकाच्या पोटात ऑक्सिजनपुढे दोन आणि दुसऱ्याच्या पोटात तीन. “ह्यो दोन कुठला? हार तर येकाचाच हाय,” भावोजींनी विचारलं. मी सांगितलं, हा आतला, मूलकाचा स्वतःचा. “म्हंजे माहेरचा,” ते म्हणाले. माहेरचा आकडा हिशोबाने काढता येत नाही, पाठच करावा लागतो, आणि तिथेच त्यांची गाडी रुतायची. आज NaNO₂ ला नायट्राइट म्हणायचे, उद्या नायट्रेट. गंमत अशी की नेमके हेच दोन माल त्यांच्या हातून रोज जात. त्यांच्या खात्यात दोन टाक्या शेजारी शेजारी होत्या. एकीत ॲसिड, तीत नायट्रेट जायचं. दुसरीत साधं पाणी, तीत नायट्राइट विरघळवायचं. ॲसिडात नायट्राइट पडलं तर विषारी धूर सुटतो, एवढं त्यांना शिफ्टच्या साहेबांनी बजावलेलं होतं. परीक्षेत हाच प्रश्न येणार हे सगळ्यांना ठाऊक होतं. तेव्हा परीक्षा आणि टाकी, दोन्हीकडे सगळा भार त्या पायाशी लिहायच्या आकड्यावर होता.

मी वैतागलो होतो, आणि माझ्या हुशारीला खाजही सुटली होती. म्हटलं, “भावोजी, सोपं करू. ट्रकचा क्लीनर मागनं काय ओरडतो? राइट. राइट म्हणजे व्हय. नायट्राइटच्या शेवटी राइट आहे, म्हणून तो ‘व्हय’. व्हयला दोन. दुसरा राहिला तो ‘नाय’. नायला तीन.” भावोजी इतके हसले की ताई बाहेर आली. “आन व्हय ॲसिडात नाय जायाचा, नाय ॲसिडात जायाचा,” ते म्हणाले. आम्ही तिघंही ते वाक्य पुन्हा पुन्हा म्हणून हसलो. जीभ अडखळायची, अर्थ उलटासुलटा व्हायचा आणि त्याचंच हसू यायचं. मी अनेकदा त्या क्षणाकडे परत जातो. वाक्य कानावर पडत होतं, ते कुठे घसरतंय हेही ऐकू येत होतं, आणि मी त्या घसरण्यालाच टाळी देत होतो.

भावोजी पास झाले. नुसते पास नाही, पैकीच्या पैकी. ताईने शेजाऱ्यांना पेढे वाटले. कायम केल्याची ऑर्डर महिनाभरात निघेल असं साहेब म्हणाले, म्हणून मी ऑर्डर बघूनच पेणला जायचं ठरवलं. खरं म्हणजे मला त्यांच्या कौतुकात राहायचं होतं. त्या सुमारास त्यांच्या शिफ्टमधला इस्माईलभाई घरी यायला लागला. अष्टमीच्या मोहल्ल्यातला. भाऊ गल्फमध्ये, ह्याचा व्हिसा अडकलेला. तोवर खालून टब वर चढवायचं काम करायचा. मला बघितलं की म्हणायचा, “आले नायव्हयवाले मास्तर.” मी ठेवलेली नावं सबंध खात्यात पसरली होती. व्हयची गोण आण, नायचा टब लाव. हे ऐकून मी फुगलो. भावोजींना मी दिलेली खडूची पेटी त्यांनी कंपनीत नेली होती. माल वजन करून निळ्या टबात काढला की टबावर ते खडूने सूत्र लिहायचे, पायाशी आकडा नीट बारीक काढून. त्यांच्या परीक्षेचा सराव तोच. एकदा मी विचारलं, अजून लिहिता का? ते म्हणाले, “आता कशाला? आता त्यांना नावं हाईत.” तरी लिहीत राहा, असं मी म्हणालो नाही.

त्या दिवशी भावोजी भोंग्याला घरी आले, नेहमीसारखे. सायकल चिंचेला टेकवली, पाय धुतले, चहा मागितला. डोळे लाल होते. मीच विचारलं तेव्हा हसत सांगायला लागले की आज तुझ्या नायव्हयचा घोळ झाला. सकाळच्या पाळीत दोन्ही टाक्यांचं काम एकदम निघालं होतं. भावोजी वर ॲसिडच्या टाकीच्या तोंडाशी, खाली इस्माईलभाई साखळीने टब चढवतोय. पंख्यांचा, पंपांचा आवाज. टब वर आला. टबावर काही लिहिलेलं नाही, आत पांढरी ढेकळं. भावोजींनी खाली वाकून ओरडून विचारलं, “नाय का रे?” खालून आवाज आला, “व्हय.” आणि भावोजींनी टब ॲसिडात पालथा केला.

दोघंही खरं बोलले होते. टबात व्हयच होतं. शेजारच्या टाकीसाठी वजन केलेला टब इस्माईलभाईने चुकून ह्या साखळीला लावला होता, आणि विचारल्याबरोबर त्याने टबात काय आहे ते प्रामाणिकपणे सांगितलं होतं. भावोजींनी ते ‘हो’ म्हणून ऐकलं.

“मग?” ताईने विचारलं. मग काय, धूर. विटेच्या रंगाचा, टाकीच्या तोंडातून दाट वर आला. भावोजी जिन्यावरून उतरेपर्यंत दोन-चार श्वास आत गेले. खोकला आला, साहेबांनी मोकळ्या हवेत बसवलं, गूळ दिला, तासाभरात बरं वाटलं, आणि त्यांनी शिफ्ट पुरी केली. साहेब चिडले पण वर कळवणार नाही म्हणाले, कारण कळवलं तर साहेबही अडकतात. भावोजींना तीच काळजी होती, ऑर्डर थांबायला नको. एवढं सांगून ते भाकरी खायला बसले, पण पापुद्र्याला भोक पाडलं नाही. ताईने मला बाहेर चिंचेखाली बोलावलं. विटेच्या रंगाचा धूर म्हणजे कोणता वायू हे मला पाठ होतं. नायट्रोजन डायऑक्साइड, तांबूस तपकिरी, उग्र वासाचा, विषारी. कॉलेजच्या प्रयोगशाळेत परीक्षानळीत काढून आम्ही तो हुंगलाही होता आणि कुणाला काही झालं नव्हतं. तो फुप्फुसात जाऊन तासन्‌तास गप्प बसतो आणि माणूस बरा झालाय असं वाटत असताना आतून पाणी धरायला लावतो, हे आमच्या पुस्तकात नव्हतं. ताईने विचारलं, “तू शिकलेला हाइस. काय होयाचा नाय ना रे?”

मी म्हणालो, “नाय.”

दिवेलागणीला भावोजी खोकायला लागले. आधी कोरडा, मग ओला. ओठ निळसर पडले. आडवं झालं की श्वास अडायचा, म्हणून ताई त्यांच्या पाठीला पाठ लावून बसली आणि मी रिक्षा आणायला पळालो. दवाखान्यात पोचलो तेव्हा त्यांच्या तोंडाला गुलाबी फेस होता. नाकातोंडावर ऑक्सिजनचा मास्क लावला. थोड्या वेळाने कंपनीचे एक अधिकारी आले, पांढरा शर्ट, हातात फाइल. मागून इस्माईलभाई आला तो दारातच उभा राहिला. डॉक्टर तरुण होते. ते विचारत होते की आत काय गेलंय ते मला नक्की सांगा, साधा धूर आणि हा वायू यांत फरक आहे, त्यावर अलिबागला पाठवायचं की नाही, काय द्यायचं, किती दिवस नजरेखाली ठेवायचं, ते ठरतं. अधिकारी शांतपणे म्हणाले की नोंदीप्रमाणे त्या टाकीत सोडिअम नायट्रेट गेलं, आणि त्याने असा धूर होत नाही. पेशंटला आधीचा दमा असेल. मी म्हणालो, नायट्राइट होतं. त्यांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

डॉक्टर भावोजींच्या कानाशी वाकले आणि त्यांनी मोठ्याने विचारलं, “नायट्रेट होतं का?”

भावोजींनी मान हलवली. डावीकडून उजवीकडे.

“बघा,” अधिकारी म्हणाले, “नाय म्हणतोय. ह्यांच्या खात्यात नायट्रेटला ‘नाय’च म्हणतात. विचारा कुणालाही.” आणि ते दाराकडे वळून म्हणाले, “काय रे, म्हणतात ना?” इस्माईलभाईने खाली बघितलं. काय बोलणार होता तो? म्हणत तर होतेच.

मास्कच्या आत भावोजींचे डोळे मोठे झाले. बोलायचा प्रयत्न केला तर मास्क धुक्याने भरला. मग त्यांनी उजवा हात चादरीवर आणला आणि बोटाने लिहायला लागले. चादर सुरकुतलेली होती. ताईने दोन्ही हातांनी ती ताणून धरली. डॉक्टर बोटाकडे बघत राहिले. मोठा N, छोटा a, पुन्हा N, मग O. इथे बोट थांबलं, छाती वरखाली झाली. मग बोट थोडं खाली सरकलं आणि पायाशी, बारीक, नमस्काराएवढा, दोनाचा आकडा काढला. वळ उमटावा तसा तो कापडावर क्षणभर दिसला. डॉक्टर सरळ झाले आणि त्यांनी अँब्युलन्स मागवली.

बाहेरच्या बाकावर इस्माईलभाई माझ्या शेजारी येऊन बसला. त्यालाही बारीक खोकला होता. तो म्हणाला, “मी खोटं नाय बोललो, मास्तर. व्हय होती ती व्हय बोललो.” त्याने पुन्हा मास्तर म्हटलं ते टोमणा म्हणून की सवयीने, मला कळलं नाही. पावसाळ्यात त्याचा व्हिसा आला आणि तो गेला.

भावोजी जगले. अलिबागच्या डॉक्टरांनी सांगितलं की थोडा उशीर झाला असता तर जगले नसते. आणि थोडं लवकर आणलं असतं तर, असं ताईने विचारलं, त्यावर ते चष्मा पुसत राहिले. दुपारचा भोंगा ते दिवेलागण, एवढा वेळ माझ्या ‘नाय’ने खाल्ला होता. ताईने ते मला कधी बोलून दाखवलं नाही. पुढे कंपनीत चौकशी झाली. तिथे भावोजींची परीक्षेची उत्तरपत्रिका काढली. पैकीच्या पैकी. ज्याला दोन आणि तीन यांतला फरक इतका पक्का ठाऊक आहे, त्याने न बघता टब ओतला म्हणजे हा निव्वळ निष्काळजीपणा, असं ठरलं. नापास झाले असते तर कदाचित कंपनीचीच चूक निघाली असती. कायम केल्याची ऑर्डर आली नाही. खोली सोडली, चिंचेखालची सायकल विकली, आणि ती दोघं खाडीकडच्या गावी परत गेली. मिठागराचं काम त्यांच्या छातीला झेपणारं नव्हतं. ताई जायला लागली. मी बारावीला चांगल्या मार्कांनी पास झालो, पण पुढे रसायनशास्त्र घेतलं नाही. वडिलांना सांगितलं की दुकान बघतो. ते काहीतरी समजले आणि त्यांनी पाना माझ्या हातात दिला.

अनेक वर्षांनी, आई गेल्याचे दिवस उरकून मी ताईकडे गेलो होतो. ताई मिठागरावरून यायची होती. भावोजी ओट्यावर बसले होते. श्वास घेताना त्यांच्या छातीत शीळ वाजते, तिची मला आता सवय झाली आहे, जशी त्या वासाची झाली होती. धरमतरच्या बाजूने बार्जचा भोंगा आला तसे ते जरा ताठ झाले. जुनी सवय. एवढ्या वर्षांत त्या नावांविषयी आम्ही एक शब्द बोललो नव्हतो. मी ठरवून गेलो नव्हतो, पण तिथे बसल्यावर राहवेना. सरळ विचारायला हवं होतं. सरळ विचारण्याची भीती वाटली, म्हणून माणूस विचारतो तसं विचारलं, उत्तर आपल्या बाजूने पडावं असं.

“भावोजी, माझी चूक नाय ना?”

ते खाडीकडे बघत होते. शीळ दोनदा वाजली.

“व्हय,” ते म्हणाले.

त्यांच्या बोटांजवळ ओट्यावर धूळ होती, लिहिता आलं असतं. मी दुसऱ्यांदा विचारलं नाही.